तुम्ही कोणाकडून?

१९४० च्या डिसेंबरात मुंबईच्या हिंदू जिमखान्याचे काही पदाधिकारी वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले. प्रश्न क्रिकेटचा होता. मुंबईत दरवर्षी भरणाऱ्या पंचरंगी सामन्यांत हिंदूंच्या संघाने खेळावे की नाही, यावर जिमखान्यात दोन तट पडले होते. गांधीजींच्या उत्तरात दोन गोष्टी होत्या. एक त्या काळापुरती होती. युरोपात युद्ध पेटलेले आहे, इकडे वैयक्तिक सत्याग्रहात माणसे तुरुंगात जात आहेत, अशा वेळी करमणुकीचा हा सोहळा शोभत नाही. दुसरी मात्र कायमची होती. दोन कॉलेजांचे किंवा दोन संस्थांचे सामने आपण समजू शकतो, पण हिंदूंचा एक संघ, पारशांचा एक, मुसलमानांचा एक ही वाटणी खेळात कशासाठी, हे आपल्याला कधी उमगलेले नाही, असे ते म्हणाले. जिमखान्याच्या सभेत थोड्या मताधिक्याने माघारीचा ठराव झाला. त्या वर्षी हिंदू संघ उतरला नाही आणि मुसलमानांच्या संघाने अंतिम सामन्यात ‘इतर’ या संघाला हरवले.

गांधीजींच्या या विधानाचा उत्तरार्ध पुष्कळांनी उद्धृत केला आहे. पूर्वार्धाकडे फारसे कोणी पाहिले नाही. जमातींच्या सामन्याला पर्याय म्हणून त्यांच्या मनात आली ती कॉलेजची मॅच. हा पर्याय किती खरा होता, हे तपासायचे असेल तर खेळाडूंपेक्षा मॅच पाहणाऱ्याकडे पाहावे, असे मला वाटते. खेळाडू कोणाकडून खेळणार हे निवड समिती ठरवते. पाहणाऱ्याला ते स्वतः ठरवावे लागते, आणि तो मुसलमान असेल तर ते चारचौघांत सांगावेही लागते.

आधी त्या सामन्यांविषयी. १८९२ पासून मुंबईत पारशी आणि युरोपियन यांच्यात नियमित सामने सुरू झाले. १९०७ मध्ये हिंदू आले आणि ते तिरंगी झाले. १९१२ मध्ये मुसलमान आले आणि चौरंगी झाले. १९३७ पासून ख्रिस्ती, ज्यू वगैरे मंडळींचा ‘इतर’ संघ घेऊन पंचरंगी. मरीन लाइन्सच्या समुद्राकाठी आजही शेजारी शेजारी उभे असलेले पारशी, इस्लाम आणि हिंदू जिमखाने ही त्या काळाची खूण आहे. इस्लाम जिमखान्याच्या उभारणीत बद्रुद्दीन तय्यबजींचा पुढाकार होता. राष्ट्रीय सभेचे अध्यक्षपद भूषवलेला माणूस जमातीचा जिमखाना उभारतो, यात त्या पिढीला विसंगती वाटत नव्हती. शाळा, वसतिगृह, शिष्यवृत्ती सगळे जमातीनेच उभारायचे, तसा जिमखानाही.

प्रेक्षकांना या सामन्यांचे वेड होते. मैदानाभोवती तंबू, तंबूत वर्गणीदार, तंबूबाहेर उन्हात उभी असलेली गर्दी आणि त्याही पलीकडे झाडांवर चढलेली पोरे. १९२३ मध्ये पळवणकर विठ्ठल यांच्या कप्तानीखाली हिंदूंनी युरोपियनांना हरवले, तेव्हा लोकांनी विठ्ठलांना खांद्यावर घेतले. ज्या चांभार कुटुंबातील भावांना चहा वेगळ्या भांड्यातून मिळत असे, त्यांतील एकाला सवर्णांनी खांद्यावर घ्यावे, ही साधी गोष्ट नव्हती. १९२६ च्या डिसेंबरात बॉम्बे जिमखान्यावर सी. के. नायडूंनी एमसीसीविरुद्ध ११ षटकारांसह १५३ धावा कुटल्या. सी. के. आमच्या नागपूरचे, हिस्लॉपच्या शाळेत शिकलेले. एरवी ज्या जिमखान्यात हिंदी माणसाला सदस्य होता येत नसे, त्याच्या छपरावर त्यांचे चेंडू पडत होते. १९३४ च्या चौरंगीत पारशी आणि मुसलमान यांच्या सामन्याचे बॉबी तल्यारखानांनी रेडिओवरून धावते वर्णन केले. हिंदुस्थानातले ते पहिलेच, असे मानले जाते. खेळ मैदानाबाहेर निघाला तो तिथून.

मग १९३७ साली ब्रेबॉर्न स्टेडियम उघडले आणि पहिला तंटा झाला तो खुर्च्यांवरून. कोणत्या जिमखान्याला किती जागा, या वादात हिंदू संघाने त्या वर्षी अंग काढून घेतले. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते. विधिमंडळात राखीव जागांवरून जो वाद चालू होता, तोच स्टेडियमच्या बाकड्यांवर आला होता. खेळपट्टीवर भांडण नव्हते, ते बसणाऱ्यांचे होते.

यावरून असे वाटेल की त्या बाकड्यांवर नुसता द्वेष बसलेला असे. १९४४ चा अंतिम सामना पाहिला तर तसे म्हणता येत नाही.

हिंदूंच्या बाजूने कप्तान विजय मर्चंट, मुसलमानांच्या बाजूने मुश्ताक अली. याच दोघांनी १९३६ मध्ये मँचेस्टरला इंग्लंडविरुद्ध २०३ धावांची सलामी दिली होती आणि मुश्ताक यांनी परदेशातले हिंदुस्थानचे पहिले कसोटी शतक काढले होते. आता ते समोरासमोर होते. हिंदूंनी २०३ आणि ३१५ धावा केल्या, मुसलमानांनी पहिल्या डावात २२१. म्हणजे चौथ्या डावात हव्या होत्या २९८ धावा. सलामीला आलेला के. सी. इब्राहिम हा पंचवीस वर्षांचा मुंबईकर एका टोकाला उभा राहिला तो शेवटपर्यंत. समोरचे एकेक जण जात राहिले. नऊ गडी बाद झाले तेव्हाही तो होताच, आणि १३७ वर नाबाद राहून त्याने सामना एका विकेटने जिंकून दिला. लाहोरचा तरुण अब्दुल हफीज कारदारही त्या संघात होता. सामना संपताच मर्चंट मुसलमानांच्या खोलीत गेले आणि त्यांनी मुश्ताक यांना मिठी मारली. जीना आणि गांधी यांची मुंबईतील बोलणी फिसकटून फार दिवस झाले नव्हते. स्टेडियममध्ये हजारो माणसे होती, निम्म्याहून अधिक हिंदू असावीत. दंगल झाली नाही.

आमचे अब्बा तेव्हा सोळा वर्षांचे होते, गोंदियात एका विडी कारखान्यात हिशेबाच्या कामाला नुकतेच लागलेले. मुंबईची वर्तमानपत्रे हावडा मेलने शिळी होऊन स्टेशनवर यायची. त्यातला धावफलक अब्बांनी कापून ठेवला होता. आम्ही भाऊ त्यांना विचारायचो की इब्राहिम मुसलमान म्हणून आवडायचा, की खेळायचा चांगला म्हणून? अब्बा म्हणायचे, ‘‘बेटा, तेव्हा हे दोन प्रश्न वेगळे नव्हते.’’ त्यांच्या या उत्तराचा मला पुढे कित्येक वर्षे राग येत असे. आता इतिहास वाचल्यावर वाटते की ते जे होते ते सांगत होते. जमातींच्या सामन्याने पाहणाऱ्याची एक सोय केली होती. त्याला कोणाकडून, हे विचारावे लागत नव्हते. तिकीट काढतानाच उत्तर मिळे. सोय होती तेच तिचे विष होते, हे गांधीजींना दिसले. १९४५-४६ च्या मोसमानंतर हे सामने बंद पडले. बरे झाले.

आता कॉलेजची मॅच. गांधीजी बोलले त्याच्या पाच वर्षे आधी, १९३५ मध्ये, क्रिकेट मंडळाने आंतरविद्यापीठ स्पर्धा सुरू केली होती. तिचा चषक अर्देशिर दादाभॉय बारिया यांनी आपला मुलगा रोहिंटन याच्या स्मरणार्थ दिला. पहिले विजेतेपद पंजाब विद्यापीठाचे. लाहोरचे हिंदू, शीख, मुसलमान विद्यार्थी एका टोपीखाली खेळत होते. म्हणजे पर्याय कल्पनेतला नव्हता, तो चालू होता.

पण त्याच लाहोरमध्ये कॉलेज आणि जमात यांची सीमारेषा पुसट होती. इस्लामिया कॉलेज आणि गव्हर्नमेंट कॉलेज यांची मॅच म्हणजे शहराचा सण. कारदार इस्लामियाचा, फझल महमूदही इस्लामियाचा. ती मॅच पाहणारा कॉलेजकडून होता की कौमकडून? त्याही आधी अलीगढच्या एमएओ कॉलेजात प्राचार्य बेक यांनी क्रिकेटला उत्तेजन दिले आणि पुढे खिलाफत चळवळीत गाजलेले मौलाना शौकत अली त्या संघाचे कप्तान होते. तेव्हा गांधीजींची विभागणी वाटते तितकी स्वच्छ नाही. कॉलेजला जमातीचे नाव असू शकते. परंतु एक फरक आहे. कॉलेजात प्रवेश घ्यावा लागतो, नाव काढून घेता येते. जमात जन्माने मिळते.

अमेरिकेत कॉलेजच्या बेसबॉलच्या अंतिम फेऱ्या १९५० पासून नेब्रास्का राज्यातील ओमाहा या एकाच गावी होतात आणि माणसे म्हातारपणी आपल्या कॉलेजची टोपी घालून तिथे जातात, असे वाचले आहे. आपल्याकडे ते वेड रुजले नाही. पदवी मिळाली की कॉलेजची मॅच संपली. विदर्भात तर ती सुरू झालीच उशिरा. गोंदियाला १९५८ मध्ये मनोहरभाई पटेलांच्या पुढाकाराने शिक्षण संस्था निघाली, तेव्हा कुठे इथल्या शेतकऱ्याच्या आणि विडी कामगाराच्या पोराला गाव न सोडता कॉलेज दिसले. तोवर नागपूरला जायचे किंवा दहावी-अकरावीनंतर तेंदूपत्त्याच्या फडीवर मुनीम व्हायचे.

मी कॉलेजात गेलो ते १९८३ चा विश्वचषक जिंकल्याच्या सुमारास. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते. वेगळा जिल्हा व्हायला १ मे १९९९ उजाडावा लागला. नागपूर विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांतला एक सामना त्या हिवाळ्यात आमच्याकडे होता. पाहुणा संघ नागपूरहून सकाळच्या पॅसेंजरने उतरला, बॅटींचे किट दोन सायकलरिक्षांवर लादून. धानाच्या बांध्यांवरून येणारे धुके अजून मैदानावर होते. शिपायाने मॅटिंग अंथरून खिळे ठोकले, फक्कीने सीमारेषा आखली. वर्गातला फळा खुर्चीवर टेकवून धावफलक झाला. कडुनिंबाखाली बाकावर स्कोअरर बसला. प्राध्यापकांनी तास घेतले नाहीत, कारण वर्गात कोणी नव्हते. फल्लीदाणेवाला, चहावाला, तर्री-पोह्याची गाडी, सगळे हजर. बालाघाटकडे जाणाऱ्या छोट्या रेल्वेची शिट्टी झाली की पोरे उगाच ओरडायची. कॉलेजशी काही संबंध नसलेले विडी कामगारही काठावर उकिडवे बसले होते, हातात सूप नसलेला त्यांचा तो एक दिवस. पाच-सहाशे माणसे असतील. इतिहासात या मॅचची नोंद कुठेही नाही आणि व्हावी असे तिच्यात काही नव्हते.

पाहुण्यांचा एक मध्यमगती गोलंदाज फार चांगला टाकत होता. आमचे चार जण त्याने लवकर काढले. ओव्हर संपली की आम्ही त्याच्या नावाने बोंब मारायचो, पण नाव माहीत नव्हते. कोणीतरी स्कोअररच्या वहीत डोकावून आला. पोरगा कामठीचा होता, मुसलमान. माझ्या शेजारी बसलेला मित्र एकदम माझ्याकडे वळला.

‘‘अबे, हा तर तुमच्यातला निघाला. आता तू कोणाकडून बे?’’

त्याच्या बोलण्यात डंख नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. तो आजही माझा मित्र आहे. त्याला खरोखरच प्रश्न पडला होता. हिंदुस्थान-पाकिस्तान मॅचच्या दिवशी हाच प्रश्न पानठेल्यावर विचारला जाई तेव्हा त्यात डंख असे आणि मान खाली घालून मी तिथून निघून जात असे. इथे मात्र मला उत्तर शोधावे लागले नाही. ‘‘आपल्या कॉलेजकडून बे. त्याला कोणी फोडेल का नाही?’’ असे म्हणून मी पुन्हा बोंब मारली, आणि पुढच्या चेंडूवर आमचा पाचवा गेला तेव्हा आम्ही दोघांनी एकाच वेळी कपाळावर हात मारला.

तो दिवस जुम्म्याचा होता. दोन डावांच्या मधल्या सुट्टीत तो गोलंदाज आमच्या कप्तानाकडे आला आणि जवळ मशीद कुठे आहे असे विचारू लागला. खेळ लवकर सुरू होणार होता. दोन्ही कप्तान अंपायरांकडे गेले, काही बोलले आणि सुट्टी अर्धा तास वाढली. कोणी अर्ज केला नाही, कोणी हरकत घेतली नाही. आमच्या कप्तानाने मला हाक मारून सांगितले, ‘‘याला घेऊन जा आणि घेऊन ये. तिकडेच ठेवलास तर फारच बरं.’’ मी त्याला सायकलवर डबलसीट घेतले. आम्ही एकाच सफमध्ये खांद्याला खांदा लावून नमाज पढलो. परत येताना तो मागून म्हणाला, ‘‘भाई, तुम्हारा वो लेफ्टी स्पिनर, उसका सीधा वाला पता कैसे चलता?’’ मी म्हटले, ‘‘वो नहीं बताऊंगा.’’ तो मोठ्याने हसला. मीही.

मॅच आम्ही हरलो.

अब्बांना हे रात्री सांगितले तेव्हा त्यांनी फक्त एवढेच विचारले की त्याची ॲक्शन कशी होती. मला वाटते अब्बांच्या पिढीला जे दोन प्रश्न वेगळे करता आले नव्हते, ते माझ्या पिढीला एका दिवसापुरते वेगळे करता आले. आणि ते त्या फाटक्या मॅटिंगवर झाले, ब्रेबॉर्नवर नव्हे. जमातीच्या संघात शेजारचा माणूस आपल्यासारखाच असतो. कॉलेजच्या गर्दीत तो वेगळा असतो आणि तरी एकाच वेळी हळहळतो. गांधीजींनी तो फरक वर्ध्याहून पाहिला होता. मात्र तो एका दिवसापुरता असतो, हे त्यांनी सांगितले नव्हते. दुसऱ्या दिवशी पानठेला तिथेच होता.

फाळणीने या दोन प्रश्नांची गाठ आणखी घट्ट केली. तरी पाहणारे सरळ रेषेत वागले असे नाही. १९४५ मध्ये ऑस्ट्रेलियन सर्व्हिसेस संघाविरुद्धच्या सामन्यातून मुश्ताक अलींना वगळले, तेव्हा कलकत्त्याच्या प्रेक्षकांनी ‘नो मुश्ताक, नो टेस्ट’ अशा घोषणा देत निवड समितीतील दुलीपसिंहजींना घेरले आणि मुश्ताक यांना घ्यावे लागले. त्या गर्दीत बहुसंख्य बंगाली हिंदू होते, आणि नऊ-दहा महिन्यांनी त्याच शहरात माणसे कापली गेली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीने दुसरी खोटी ठरत नाही.

फझल महमूद यांनी आत्मचरित्रात एक प्रसंग लिहिला आहे. १९४७ च्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी हिंदुस्थानी संघाचे शिबिर पुण्याला होते आणि फझल त्या संघात निवडले गेले होते. शिबिर संपवून मुंबईकडे येताना आगगाडीत काही माणसे त्यांच्या अंगावर आली, तेव्हा सोबत असलेले सी. के. नायडू बॅट काढून मध्ये उभे राहिले. नागपूरच्या त्या पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने त्या डब्यात कोणता संघ निवडला, हे सांगायला नको. फझल लाहोरला पोचले आणि पाकिस्तानचेच झाले. कारदार पाकिस्तानचा पहिला कप्तान झाला.

इब्राहिमची गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते. तो गेला नाही, थांबला. १९४७-४८ च्या मोसमात त्याने १६७.२९ च्या सरासरीने ११७१ धावा काढल्या. त्यात एकदा बाद झाल्यापासून पुन्हा बाद होईपर्यंत ७०९ धावा केल्या. ज्या हिवाळ्यात देश पेटला होता, त्याच हिवाळ्यात मुंबईचा एक मुसलमान सलामीवीर बाद होत नव्हता आणि मुंबईचे प्रेक्षक त्याला टाळ्या देत होते. १९४८ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या पहिल्याच कसोटीत त्याने ८५ काढले. १९४८-४९ मध्ये रणजी चषक जिंकणाऱ्या मुंबईचा तो कप्तान होता. म्हणजे अवघ्या चार वर्षांत तो मुसलमानांच्या संघाच्या विजयाचा मानकरी आणि मुंबईच्या संघाचा कप्तान, दोन्ही झाला. संघ बदलला, खेळणे तेच राहिले. त्यानंतर थोड्याच काळात तोही कराचीला गेला आणि २००७ मध्ये तिथेच वारला. अब्बांना तो गेल्याचे कळले तेव्हा त्यांनी तो धावफलक फाडला नाही. पण पुन्हा दाखवलाही नाही.

विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजीत खेळतो आहे. आम्ही साठ वर्षे त्याला हरताना पाहिले. १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरच्या होळकर स्टेडियमवर, म्हणजे मुश्ताक अलींच्या गावात आणि सी. कें.च्या कर्मभूमीत, विदर्भाने दिल्लीला नऊ गड्यांनी हरवून पहिल्यांदा रणजी चषक घेतला. कप्तान नागपूरचा फैज फजल. विजयाचा चौकार मारणारा वसीम जाफर, मुंबईकडून उमेद संपल्यावर आमच्याकडे आलेला. गोंदियात त्या दिवशी जे फटाके फुटले त्यांना कोणी नाव-गाव विचारले नाही. पुढच्या वर्षी याच दोघांच्या सोबतीने विदर्भाने पुन्हा चषक घेतला आणि जाफरने त्या मोसमात हजारांवर धावा केल्या.

तीन वर्षांनी, २०२१ च्या फेब्रुवारीत, जाफरने उत्तराखंडच्या प्रशिक्षकपदाचा राजीनामा दिला. संघनिवडीतील हस्तक्षेप हे कारण त्याने दिले. उलट त्याच्यावर आरोप झाला की तो धर्म पाहून खेळाडूंची बाजू घेतो आणि जुम्म्याच्या नमाजासाठी शिबिरात मौलवी आले होते. त्याने पत्रकारांपुढे येऊन सगळे आरोप नाकारले. ज्याने दोन दशके मुंबई, विदर्भ आणि भारताकडून धावा केल्या, त्याला आपण कोणाकडून हे सांगावे लागले. अनिल कुंबळे यांनी त्याची बाजू योग्य असल्याचे जाहीरपणे लिहिले. बरोबर खेळलेल्या बहुतेकांनी काही लिहिले नाही.